निधान! गाडी बरीच वर्षे थांबली आहे

आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या परसात किंवा जिन्याखाली एक गाडी हमखास उभी असते. वर विरलेली चादर नाहीतर ताडपत्री, सीटवर मिरच्या वाळवायचे सूप, हँडलला जुन्या पिशव्या. कुणाकडे ती चेतक असते, कुणाकडे लूना, कुणाकडे राजदूत. आमच्याकडे येझदी. अशी गाडी कुणी विकत नाही, भंगारात घालत नाही आणि चालवतही नाही. ‘बघू कधीतरी’ एवढ्यावर तिची वर्षे निघून जातात. मग एखाद्या गणपतीत किंवा दिवाळीत घरातला कुणीतरी तरुण येतो, चादर ओढतो, धूळ झटकतो आणि सरळ किक मारायला लागतो. वाचकहो, आजचा लेख त्या पहिल्या किकेच्या आधी वाचायचा आहे.

येझदी ही तशी आपल्या कर्नाटकाचीच लेक. झेक जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जावा मोटरसायकली तयार होऊ लागल्या. पुढे १९७०च्या दशकात त्याच घराण्यातल्या गाड्या येझदी या नावाने आल्या आणि १९७८ मध्ये रोडकिंग आली. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा हीच किक. तो आत दाबून वर फिरवायचा आणि मारायचा. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी किक सापडायची नाही, यावरून आमच्या घरात पुष्कळ पाहुण्यांची फजिती झालेली आहे.

हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या कंपनीने बाजारात परत आणली. त्या गाड्या मध्य प्रदेशात पिथमपूरला तयार होतात, पण त्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आहेत. जुन्या टू-स्ट्रोक येझदीला त्यांचे पिस्टन लागू पडत नाही. म्हणजे आपल्या परसातल्या गाडीचे इंजिन घाईने बिघडवले, तर शोरूममध्ये जाऊन नवा भाग मागण्याची सोय नाही. जुन्या बाजारात ओळखीपाळखीने हिंडावे लागते. जे काही शिल्लक आहे ते सांभाळायचे आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

आमची येझदी मामंजींनी १९८४ मध्ये घेतली. सासूबाईंचे माहेर धारवाडचे, कन्नड घरातले. बेळगाव ते धारवाड हे पाऊणशे किलोमीटर त्या किती वेळा मामंजींच्या मागे बसून गेल्या असतील, त्याचा हिशेब नाही. २०१६ मध्ये मामंजी गेले. गाडी त्याच्या आधीपासूनच उभी होती. गेल्या दिवाळीत आमचे चिरंजीव पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आले आणि म्हणाले, “अज्जांची गाडी चालू करतो आणि भाऊबीजेला त्याच गाडीवरून धारवाडला जाऊन येतो.” सासूबाईंनी भाजी निवडता निवडता एवढेच म्हटले, “चालू तरी करा, नाहीतर भंगारवाल्याला देऊन तरी टाका. तिला असं उभं बघवत नाही मला.”

घरात एकदम दोन पक्ष झाले. ह्यांचे म्हणणे, जागा अडते, द्यावी. चिरंजिवांचे म्हणणे, आत्ताच्या आत्ता चालू करावी. मी शहापुरातल्या मेस्त्रींना फोन केला. मामंजींच्या हयातीत ह्या गाडीला त्यांच्याशिवाय कुणाचा पाना लागला नव्हता. साठी उलटलेले गृहस्थ. आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि किकेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या आमच्या मुलाला म्हणाले, “अवसर माडब्याड्री. निधान.”

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत या शब्दाची मोठी गंमत आहे. मराठीत निधान म्हणजे ठेवा, जपून ठेवलेले धन. कन्नडात निधान म्हणजे सावकाश, दमाने. लिहायला एकच शब्द, पण अर्थ दोन. मेस्त्रींनी तो कन्नडात उच्चारला आणि मराठी शिकवणाऱ्या माझ्या कानाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले. ठेवा असेल तर दमानेच घ्यावे लागते.

दमाने का, हे त्यांनी जे समजावून सांगितले ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते.

टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाला तेल मिळते ते पेट्रोलमधूनच. लिटरमागे साधारण ४० मिली टू-टी ऑइल मिसळायचे, ही जुन्या येझदीवाल्यांची पाठ झालेली रीत. पिस्टन, सिलिंडर, आतली बेअरिंगे यांना वंगण याच मिश्रणाचे. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हा ओलावा आटतो आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेने आत गंज धरतो. अशा कोरड्या, गंजलेल्या सिलिंडरमध्ये जोराने किक मारली की पिस्टनच्या रिंगा भिंतीवर ओरखडे काढतात. गाडी उभी राहून जेवढी बिघडत नाही, तेवढी अशा दहा-वीस किका मारून बिघडते.

म्हणून पहिले काम प्लग काढण्याचे. त्या भोकातून दोन चमचे तेल आत सोडायचे आणि रात्रभर तसेच राहू द्यायचे. दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकायची आणि मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे फिरवायचे. प्लग काढलेला असल्याने विरोध कमी होतो. चाकाबरोबर पिस्टन हलू लागला तर उत्तम. नाही हलला, तर हातोडी घ्यायची नाही, पुन्हा तेल सोडून थांबायचे. आमच्या गाडीचा पिस्टन तिसऱ्या दिवशी हलला. तोपर्यंत चिरंजिवांच्या रजेचे तीन दिवस संपले होते.

दरम्यान बाकीची तपासणी चालू होती. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस, सुतळी आणि वर्तमानपत्राचे तुकडे आणून संसार थाटला होता. एका सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचे मातीचे घर. हे आधी काढले नाही तर इंजिनाला श्वास घेताही येत नाही आणि सोडताही येत नाही. उंदराने वायरींची वेष्टणे कुरतडलेली असतात, तीही एकेक करून पाहावी लागतात. उघड्या वायरींवर बॅटरी जोडली तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

मग टाकी. झाकण उघडले तर पेट्रोलचा वास नव्हता, जुन्या व्हार्निशसारखा आंबूस दर्प होता. पेट्रोल उडून जाते आणि तळाशी तेलाचा चिकट थर राहतो. त्यात गंजाची भुकटी. कित्येक जण त्याच टाकीत वरून लिटरभर नवे पेट्रोल ओततात. मग तो सगळा गाळ नळीतून कार्बोरेटरमध्ये उतरतो. टाकी खाली उतरवून, रिकामी करून, आत बारीक खडे घालून खळखळून धुवायची आणि पूर्ण वाळवायची. हे काम उघड्यावर करायचे. जवळ विडी, शेगडी, देवाजवळची समई काही नको. तळाच्या कॉकमधली जाळी साफ करायची आणि रबराची नळी मात्र नवीच घालायची.

नळीचे महत्त्व आता अधिक आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला मऊ करते किंवा तडे पाडते. १९८४ च्या गाडीच्या नळ्या आणि वायसर या पेट्रोलसाठी केलेले नाहीत. गाडी चालवत राहिलात तर पेट्रोल सतत बदलते, पण महिनोन्‌महिने उभी ठेवलीत तर हेच पेट्रोल टाकीच्या तळाशी पाणी जमवते आणि गंज वाढवते.

कार्बोरेटर उघडला तेव्हा आतल्या बारीक जेटची छिद्रे बुजलेली होती. मेस्त्रींनी ती पेट्रोलने धुऊन हवेच्या फवाऱ्याने मोकळी केली. चिरंजीव टाचणी घेऊन पुढे झाले होते, त्यांना त्यांनी थांबवले. पितळेचे छिद्र टाचणीने कणभर मोठे झाले तरी पेट्रोलचे माप चुकते आणि मग गाडी कधीच सुरळीत चालत नाही.

ठिणगीची तपासणीही रीतसर हवी. पॉइंटांवर पांढरट थर बसतो, तो बारीक पॉलिश पेपरने पुसायचा आणि त्यांच्यातली फट ०.४ मिलिमीटर ठेवायची. नवा प्लग, त्याची फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास. एक सावधगिरी मात्र विसरू नये. ठिणगी पाहताना प्लग त्याच्या उघड्या भोकाजवळ किंवा टाकीजवळ धरायचा नाही. तिथे पेट्रोलची वाफ असते.

सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ऑइलसील. इंजिनाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. वर्षे गेली की ते कडक होतात. एका बाजूने हवा आत शिरली तर मिश्रण पातळ होते, इंजिन अती तापते आणि पिस्टन धरतो. दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सचे तेल आत ओढले गेले तर मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. लोक म्हणतात, “जुनी गाडी आहे, धूर येणारच.” तो धूर वयाचा नसतो, सीलचा असतो. मेस्त्रींनी इंजिन खाली उतरवायचे ठरवले आणि चौथ्या दिवशी चिरंजीव येझदीवर न बसताच पुण्याच्या बसमध्ये बसले. तोंड एवढेसे झाले होते. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे रे. पंचमीला नाही तर संक्रांतीला.”

नेमके त्याच आठवड्यात कॅनडातल्या माझ्या नणंदेचा फोन आला. तिला ही हकिगत सांगितली तर ती हसून म्हणाली, “आमच्या शेजाऱ्याचं दर वर्षी हेच चाललेलं असतं.” तिकडे बर्फावरून चालणाऱ्या स्नोमोबाइल असतात. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. क्यूबेक प्रांतातल्या बोम्बार्डियरने १९५९ मध्ये ‘स्की-डू’ आणली आणि ही छोटी गाडी घरोघर गेली. तिच्यातही टू-स्ट्रोक इंजिने फार. बर्फ वितळला की ती सहा-सात महिने गॅरेजात उभी. ठेवतानाच ते लोक पेट्रोल टिकवणारे द्रव्य टाकीत घालतात आणि इंजिनाच्या आत तेलाचा फवारा मारतात. थंडी सुरू व्हायच्या आधी उंदरांची घरटी काढायची, कार्बोरेटर असेल तर तो साफ करायचा, इंजिनाची शक्ती मागे नेणारा पट्टा चिरला आहे का पाहायचा, पुढच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळायचे, मागचा भाग भक्कम स्टँडवर उचलून रबरी पट्टा मोकळा फिरतो का बघायचा. आडरानात बर्फात गाडी बंद पडली तर जिवाशी गाठ, म्हणून कुणी आळस करीत नाही. सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीला ते एवढे जपतात. आपण दहा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला एका किकेत चालू करायला बघतो.

परत आपल्या परसात येऊ. इंजिन उघडल्यावर क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. ह्या गाडीत त्या बुचाच्या असतात आणि तेलाअभावी वाळतात. समजा, हे न पाहता गाडी चालू झाली असती आणि मुलाने क्लच दाबून पहिला गिअर टाकला असता, तर क्लच सुटलाच नसता आणि गाडी उडी मारून समोरच्या भिंतीवर गेली असती. नव्या प्लेटाही तेलात भिजवूनच बसवतात.

आणि ब्रेक! चालू करण्याच्या उत्साहात थांबवण्याचा विचार कुणी करीत नाही. ड्रमच्या आतले लायनर गुळगुळीत होतात, ब्रेकची वायर गंजून आवरणातच अडकते, दाबलेला ब्रेक परत सुटत नाही. टायरांची तर शुद्ध फसवणूक असते. नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर दगड झालेले असते. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे पाहावेत. ३४०९ असे असेल तर तो २००९ सालच्या ३४व्या आठवड्यात तयार झालेला. असा टायर नक्षी पाहून ठेवू नये, बदलावा. ओल्या रस्त्यावर तो धरत नाही. आणि आपल्या बेळगावात रस्ता कोरडा असतो किती दिवस?

टायर, ट्यूब, बॅटरी, सील, प्लेटा, वायरी आणि मजुरी धरून साडेचौदा हजार रुपये झाले. ह्यांनी बिल पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पण पिस्टन आणि सिलिंडर मूळचेच राहिले. मेस्त्री म्हणाले, ते गेले असते तर पैसे मोजूनही मिळण्याची खात्री नव्हती.

आता कागदपत्रे. याबद्दल थोडे स्पष्ट लिहिते, कारण बहुतेक घरांत इथेच अडते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवायची. मुदत संपलेली गाडी कितीही छान चालत असली तरी रस्त्यावर आणता येत नाही. मूळ मालक वारले असतील, तर ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. दुःखाच्या दिवसांत कुणाला हे सुचते? पण उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि इतर वारसांची संमती जोडून अर्ज करता येतो, विलंबाचे पैसे भरावे लागतात इतकेच. त्यानंतर विमा आणि धुराचे प्रमाणपत्र. विमा नसताना अपघात झाला तर भरपाईचा बोजा घरावर येतो. शोकेसमधल्या फोटोला हार घालणे सोपे असते, फोटोतल्या माणसाच्या नावावरची कागदपत्रे मार्गी लावणे कंटाळवाणे. पण पोरे त्या गाडीवर बसणार असतील तर दुसरे काम आधी.

संक्रांतीला चिरंजीव आले. कागद तेव्हा व्हायचे होते, त्यामुळे गाडी घरामागच्या मोकळ्या जागेतच फिरली. तिसऱ्या किकेला इंजिन धरले. आधी भरपूर निळा धूर, मग तो विरळ होत गेला आणि दोन्ही सायलेन्सरमधून तो ओळखीचा आवाज यायला लागला. सासूबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. कुणीतरी म्हणेल त्यांचे डोळे भरून आले असतील. तसे काही झाले नाही. त्या म्हणाल्या, “आधी ब्रेक दाबून दाखव.”

दहा मिनिटांनी मेस्त्रींनी इंजिन बंद करायला लावले आणि थंड झाल्यावर प्लग काढून पाहिला. टोकाचा रंग चॉकलेटी आला होता. काळा ओशट आला असता तर पेट्रोल किंवा तेल जास्त, पांढरा आला असता तर मिश्रण पातळ. इंजिनाची नाडी अशी प्लगच्या रंगावर कळते.

धारवाडची फेरी पाडव्यानंतर झाली, सगळे कागद हातात आल्यावर. सासूबाईंचे वय आता अठ्ठ्याहत्तर. मागे बसायला त्यांनी साफ नकार दिला आणि माझ्याबरोबर बसने निघाल्या. आम्ही धारवाडला उतरलो, त्यांच्या भावाच्या घरी चहा झाला, तरी चिरंजिवांचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने आले. वाटेत दोनदा थांबून इंजिन थंड केले म्हणाले. मामा-आजोबांनी विचारले, “याकप्पा, इष्ट लेट?” तर उत्तर आले, “निधान बंदे.” नऊ वर्षे पुण्यात राहूनही कन्नड शाबूत आहे, याचे मला गाडीपेक्षा जास्त समाधान वाटले.

शेवटी, ज्यांची गाडी आज चालू आहे पण लवकरच उभी राहणार आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. मुलांकडे परदेशी सहा महिने जाणार असाल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून जा. प्लग काढून चमचाभर तेल आत सोडा, चाक फिरवा, प्लग परत लावा. बॅटरीची वायर सोडा. गाडी मुख्य स्टँडवर घ्या, सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचे बोळे घाला आणि ते काढायचे लक्षात राहावे म्हणून हँडलला चिठ्ठी बांधा. वर प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतो. जुने धोतर किंवा सुती चादर चालेल. आणि परत आल्यावर, प्रवासाचा शीण गेला नसेल तोवर किकेला पाय लावू नका.